पांढरं धुऊ नकोस

२ नोव्हेंबर, रविवार

बारके,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

कामाचं लिहिते. आई जेवत नाही. आज अकरावा दिवस. दूध दोन चमचे, तेही मी डोक्यावर उभी राहिले तर. मोठा ताप येऊन गेला, त्यात तिची चव गेली. पाव दिला तर म्हणते कापूस, भात दिला तर म्हणते माती. डॉक्टरीणबाई परवा दोन जिने चढून घरी आल्या. आईसमोर गोडगोड बोलल्या आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "पोटात काही गेलं तर महिने, नाही गेलं तर दिवस." हॉस्पिटलच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं काढलीत मी. कुठल्या खाटेची चादर का बदलली ते मला चादर बघून कळतं. त्यांनी इतकं हळू बोलायची गरज नव्हती.

बुधवारी मात्र तिने आपणहून तोंड उघडलं. म्हणाली, "बारकीचं ते सूप असतं तर घेतलं असतं थोडं. लांब लांब नूडल्स असायच्या बघ त्यात."

म्हणजे तू त्या जपानी म्हातारीच्या दुकानात भांडी घासता घासता शिकलेलं सूप. टायफॉइडात तू ते आईला रोज पाजलंस आणि ती उठून बसली, हे ती अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. त्या सहा आठवड्यांत तिच्या चादरी कोण धूत होतं हे सांगत नाही. असू दे. मी करते आणि तू दिसतेस, हा आपल्या घरातला जुना रिवाज आहे.

तर कृती लिही. पाणी किती, पट्टी केवढी, मासा कधी, सगळं प्रमाणात लिही. 'अंदाजाने' असलं काही लिहू नकोस, अंदाज तुझ्यासारख्यांना परवडतात. तुझा पत्ता त्या दुकानाच्या नव्या मालकाकडून घेतला.

ये म्हणून लिहीत नाही. जिला नऊ वर्षांत रस्ता सापडला नाही तिला आता काय दाखवायचा. फक्त कृती पाठव.

ताई


९ नोव्हेंबर, रविवार

बारके,

तुझ्या उत्तराची वाट बघायची तर तीन आठवडे जायला आणि तीन यायला. तेवढा धीर आईला नाही. म्हणून मीच केलं. सामान बाजारात मिळालं.

ती काळपट हिरवी पट्टी काय प्रकार आहे ते तूच जाणे. समुद्रातलं शेवाळ म्हणे. चपलेचा तळवा बरा, इतकी कडक. वर पांढरी भुकटी चढलेली. मला वाटलं बुरशी आली. आजारी माणसाच्या पोटात बुरशी घालायला मी काही वेडी नाही. तीन पाण्यांतून काढली, ब्रशने घासली, पांढऱ्याचा कण शिल्लक ठेवला नाही. मग उकळली. आमच्या लाँड्रीत एकच नियम आहे, वीस मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय काही शुद्ध होत नाही. मी अर्धा तास उकळली. त्यात सुक्या माशाचा कीस टाकून पुन्हा दहा मिनिटं. मग कापडातून गाळलं आणि कापड पिळून घेतलं. पिळायला मला कुणी शिकवायला नको.

जे निघालं ते बुळबुळीत होतं. रंग नवीन साड्यांच्या पहिल्या पाण्याचा. तरी त्यात नूडल्स घातल्या, वर कांद्याची पात कापून टाकली आणि वाटी घेऊन गेले. खालच्या मजल्यावरची शिंपीण माझ्या लाँड्रीतल्या पाळीच्या वेळी आईजवळ बसते, ती तेव्हा तिथेच होती. आईला उशीला टेकवून बसवलं. तिने वाफ हुंगली, डोळे मिटले आणि पहिला चमचा तोंडात घेतला. तसाच तो माझ्या हातावर बाहेर आला.

"कडू," ती म्हणाली.

शिंपीण माझी बाजू घेत म्हणाली, "अहो आजी, तुमची चवच गेलीय ना, म्हणून तसं लागतं."

"चव गेली असती तर कडू कसं कळलं असतं?" आईने विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू दे ताई. तुला बारकीचं जमणार नाही."

शिंपिणीला हसू आलं, तिने ते खोकल्यात दाबलं. मी वाटी उचलून मोरीत ओतली. अठरा दिवसांत आईला कळलेली पहिली चव, आणि तीही माझ्या हातची कडू.

तुझा राग आला मला. लिहूनच टाकते, कुणाला सांगायला जागा नाही. त्या जानेवारीत टेबलावर चिठ्ठी ठेवून गेलीस. काय लिहिलं होतंस आठवतं? 'म्हातारी तिच्या देशात नवं दुकान काढते आहे, मला बरोबर नेते आहे. काळजी नको, आईजवळ ताई आहेच.' ताई आहेच. भिंत आहेच, दार आहेच, तशी ताई आहेच. मार्चमध्ये मी जाणार होते, बारके. कोपऱ्यावरच्या घड्याळजीने दुसऱ्या गावात दुकान बघितलं होतं, वर दोन खोल्या होत्या. मी एप्रिलपासूनच्या पाळ्या घेतल्या नव्हत्या. तुला माहीत नव्हतं म्हणशील. कुणालाच माहीत नव्हतं. मी योग्य वेळ बघून सांगणार होते आणि तू आधी निघालीस. दोघींपैकी एकच जाऊ शकत होती, तर जिचे पाय हलके ती गेली.

दोन वर्षं थांबला तो. मग थांबला नाही. त्याला काय बोलणार, माणूस घड्याळं दुरुस्त करायचा, वेळ कळायची त्याला.

हे पत्र टाकेन की नाही माहीत नाही. पहिलं गेलं आहे.

ताई


१७ नोव्हेंबर, सोमवार

बारके,

मी खोटं लिहिलं. दुकानाचा नवा मालक वगैरे कुणी नाही. ते दुकान कधीच बंद पडलं, तिथे आता चष्मे मिळतात. सामान बाजारातलं नव्हतं. तुझा पत्ता पार्सलांवर आहे.

हो, पार्सलं आली. सगळी. दर ऑक्टोबरला एक, याप्रमाणे नऊ. आपली टपालाची पेटी तळमजल्यावर आहे आणि किल्ली माझ्याकडे. आई काही जिना उतरत नाही. पोस्टाची चिठ्ठी पेटीत पडली की मी पाळी संपवून पार्सल सोडवून आणायची आणि आईच्या खोलीतल्या कपाटावरच्या कप्प्यात ठेवायची. वर हॉस्पिटलच्या बाद झालेल्या चादरी. आई डुलकी घेत असताना स्टुलावर चढून ठेवायची. ती विचारायची, "बारकीचं काही आलं?" मी म्हणायची, "नाही." पहिल्या दोन वर्षांत फार विचारायची. मग विचारेनाशी झाली आणि मला वाटलं, सुटले.

एकही फोडलं नव्हतं मी. त्यात काय असणार ते मला ठाऊक होतं. माफी असणार, आणि फोटोत तू हसत असणार. तुझी माफी माझ्या घरात नको होती. परवाच्या सुपासाठी या ऑक्टोबरचं पार्सल फोडलं, तेही फक्त सामान काढलं. पाकीट तसंच बाजूला ठेवलं.

काल आईने दूधही नको म्हटलं. ओठ घट्ट मिटून भिंतीकडे वळली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले आणि एकदम डोक्यात आलं, की जी पट्टी पाठवते ती तिचं काय करायचं हे लिहिणार नाही का? काखेत कळसा आणि मी समुद्रापलीकडे कृती मागत बसलेली. नऊच्या नऊ खाली काढली आणि ओट्यावर मांडली.

पहिल्या वर्षीच्याच पाकिटात होतं. 'ताई, हे आईला वाचून दाखव, तिला माझं अक्षर लागत नाही.' आणि खाली, 'पट्टीवर पांढरं दिसेल. तू ते धुशील, मी तुला ओळखते. धुऊ नकोस. सगळी चव त्या पांढऱ्यात आहे. फार तर कोरड्या फडक्याने धूळ झटक. थंड पाण्यात तासभर भिजव, मग मंद आचेवर ठेव. उकळी येऊ द्यायची नाही, तळाला बारीक बुडबुडे दिसले की पट्टी बाहेर. उकळलीस तर कडू होईल. मग पाणी तापवून आच बंद कर, माशाचा कीस सोड, तो आपोआप खाली बसला की गाळून घे. पिळू नकोस. तुझे हात शिवशिवतील, तरी पिळू नकोस. सोया सॉस दोन चमचे, चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर. नूडल्स वेगळ्या शिजव आणि त्या मात्र धू. थंड पाण्यात, हाताने रगडून, पाणी नितळ होईपर्यंत. तिथे तुझ्यासारखा हात कुणाचा नाही.'

मला हसू आलं, बारके. ओट्याला टेकून मी एकटी हसले. तू नऊ वर्षांपूर्वी तिकडे बसून मला पट्टी घासताना बघितलंस.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते उगीच नाही. मी दुसऱ्या वर्षीचं फोडलं.

'ताई, घड्याळजींच्या दुकानात खिळ्याला तुझी राखाडी शाल होती. निघायच्या आदल्या दिवशी माझं घड्याळ आणायला गेले तेव्हा बघितली होती. तेव्हा डोक्यात काही आलं नाही, मी माझ्याच धांदलीत होते. इकडे आल्यावर एक दिवस नूडल्स धुताना कळलं. मी कशी वागले ते तुला सांगता येत नाही. मार्चमध्ये मी सहा महिने घरी येते, म्हातारी हो म्हणाली आहे. मी आईजवळ राहते, तू जा. लग्न कर. सहा महिन्यांनी काय करायचं ते तेव्हा बघू. फक्त तुझं उत्तर येऊ दे. तू हो म्हणालीस की तिकीट काढते. उत्तर नाही आलं तर मी समजेन की माझं तोंड बघायची तुझी इच्छा नाही.'

हे ऑक्टोबरात आलं होतं. घड्याळजीने दुकानाला कुलूप लावलं त्या मार्चमध्ये. पाच महिने ते पाकीट माझ्या डोक्यावर, चादरीखाली होतं आणि तो रोज संध्याकाळी कोपऱ्यावर विचारत होता, "काही मार्ग निघतो का?" मी म्हणत होते, "नाही."

बाकीची सात फोडायची मला आज ताकद नाही.

ताई


२० नोव्हेंबर, गुरुवार

बारके,

आज रजा टाकून केलं.

पट्टी धुतली नाही. फडक्याने झटकली आणि पाण्यात सोडली. तासभर तिच्याकडे बघत बसले. ती हळूहळू रुंद होत गेली, हिरवी झाली. मंद आचेवर ठेवल्यावर तर माझ्या जिवाची नुसती तगमग. न उकळता काही होतं यावर माझा आयुष्यात विश्वास बसलेला नाही. पण तळाला बुडबुडे दिसले तशी चिमट्याने उचलली. कीस सोडला, तो वर नाचला आणि मग बसला. गाळलं. कापडात ओला गोळा उरला होता, त्यातून थेंब थेंब पडत होते, मी हात मागे बांधून उभी राहिले. नूडल्स मात्र अशा धुतल्या की त्या म्हातारीने मला कामावर ठेवलं असतं. चाखून बघितलं. फार काही नव्हतं त्यात, पण जे होतं ते आत जाऊन राहिलं.

दुपारचे तीन असतील. पडदा ओढलेला होता. मी वाटी घेऊन आत गेले. आईने डोळे उघडले नाहीत, फक्त नाक हललं. मग म्हणाली, "बारके, आलीस?"

एरवी मला लाँड्रीच्या साबणाचा वास असतो. आंघोळ केली तरी जात नाही, तू चिडवायचीस. आज अंगाला माशाच्या किसाचा होता. मी ताई आहे असं म्हणायला तोंड उघडलं आणि मनात आलं, ताईच्या हातून ही खात नाही. म्हणून म्हटलं, "हो."

खाल्लं तिने. अकरा चमचे आणि चार नूडल्स. एकेक नूडल ओढून घेत होती, हनुवटीवर रस्सा आला तो मी पुसला. मग उशीला टेकली आणि बोलायला लागली. इतकं ती महिन्याभरात बोलली नव्हती.

"दरवर्षी थंडी पडायला लागली की त्या कपाटातून असाच वास येतो," ती म्हणाली. "चार दिवस येतो, मग जातो. मला कळतं, तुझं पार्सल आलं. मनात म्हणते, चला, पोरगी बरी आहे."

मी कसंबसं विचारलं, "मग ताईला कधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं." मग तिने पांघरूण वर ओढून घेतलं. "आणि ती रागावून गेली असती तर माझं कुणी केलं असतं?"

याच क्रमाने म्हणाली. आधी मला वाईट वाटेल, मग तिचं कोण करणार. मी दुपारपासून या दोन वाक्यांना पिळते आहे, त्यातलं खरं कुठलं ते निघत नाही. मला वाटत होतं मी तिच्यापासून तुला लपवलं. तिने माझ्यापासून नऊ वर्षं तिचं माहीत असणं लपवलं, आणि रोज माझ्या हाताने केस विंचरून घेतले. तिला एक लेक गेल्याचं दुःख होतं आणि दुसरी जाईल याची भीती, आणि भीती जिंकली. घड्याळजीचंही तिला माहीत असेल का? विचारायची हिंमत झाली नाही.

मी बारकी होऊनच विचारलं, "मी पाठवलेली पत्रं वाचून दाखवू का?"

"तू नको," ती म्हणाली. "ताईला वाचू दे. आणेल ती कधीतरी. मी थांबलेय."

आणि झोपली, तोंडाला सुपाचा वास घेऊन.

ताई


२३ नोव्हेंबर, रविवार

बारके,

हे पत्र टाकणार नाही. फोडलेल्या दोन्ही पाकिटांत खाली तुझा फोन नंबर आहे. शुक्रवारी लावला होता. तू 'हॅलो' म्हणालीस आणि मी ठेवला. तोंडाने मला बोलता यायचं नाही, भांडण होईल नाही तर रडणं, म्हणून हे लिहून काढते आहे. उद्या फोन लावून जसंच्या तसं वाचणार आहे. आधीची न टाकलेली तीन पत्रंही वाचेन. मध्येच फोन आपटलास तर तुझा हक्क आहे, पण हे ऐकून घे.

आज सकाळी पाळीवर जायच्या आधी लाँड्रीचा निळा कोट घालून मी आईच्या खोलीत गेले, साबणाच्या वासासकट. म्हणजे घोळ नको. हातात तुझं पहिलं पाकीट होतं. नऊ वर्षांचं पिवळं पडलेलं, कडांना चादरीचे धागे चिकटलेले. दोन दिवस मी मनात वाक्य जुळवत होते, की आई, मी तुझी पत्रं दाबून ठेवली. एवढंच म्हणायचं होतं.

तोंडातून आलं, "आई, बारकीचं पत्र आलंय."

"कधी?"

"आजच. आत्ता पोस्टमन देऊन गेला."

तिने पाकीट हातात घेतलं. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, एक धागा काढून पांघरुणावर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं डोळे उघडून. पूर्ण शुद्धीत होती, ते मला कळतं.

"आज रविवार ना?" तिने विचारलं.

मी कोटाचं वरचं बटण लावलं.

"हल्ली बिचारे रविवारीसुद्धा राबतात म्हणायचे," ती म्हणाली आणि पाकीट माझ्या हातात परत दिलं. "वाच."

मी वाचलं. 'तू ते धुशील, मी तुला ओळखते' इथे आले तेव्हा ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. वाचून झाल्यावर अर्धी वाटी सूप घेतलं, आणि या वेळी तिला माहीत होतं कुणी केलंय ते. "जमलं की तुला," म्हणाली. मी कामावर निघाले तेव्हा मागून म्हणाली, "ताई, उद्याही येईल का गं टपाल?"

मी हो म्हटलं.

दुसऱ्या वर्षीचं मी तिला वाचून दाखवणार आहे, शालीसकट. तिला ऐकू दे. मलाही एकदा मोठ्याने ऐकायचं आहे.

डॉक्टरीणबाई काल येऊन गेल्या. नाडी बघून म्हणाल्या की थोडं खातात हे चांगलं, पण फार आशा धरू नका. तुझ्यावरचा माझा राग गेला असं समजू नकोस, तो आहे. तू चिठ्ठीत लिहिलंस ते मी विसरणार नाही, आणि मी जे केलं ते तू विसरू नयेस. ते आपण नंतर बघू, समोरासमोर, पाहिजे तितकं.

आता पत्रं आठ उरली आहेत. मी रोज एक वाचते. पुरवून पुरवून वाचेन, एकाची दोन दोन करेन. पण आठ संपल्यावर तिने टपालाचं विचारलं की मला दाराकडे बोट दाखवायचं आहे. तिकीट काढ.

ताई